ब्रिक गेम ते आजचे हँडहेल्ड: मुलीसाठी कुठला घ्यावा? जुने-नवे दोन्ही वापरलेल्यांनी सांगा

रंकाळ्याकाठची
नमस्कार मंडळी. मागच्या महिन्यात शिवाजी पेठेतलं माहेरचं घर आवरायला गेले होते. माळ्यावर पत्र्याची ट्रंक निघाली. तिच्यात बाबांच्या जुन्या पावत्यांखाली तीन वस्तू होत्या. एक, बटण दाबलं की पाण्यात रिंगा उडतात आणि त्या खांबावर बसवायच्या, तो जत्रेतला गेम. पाणी कधीचंच आटलेलं. दुसरा आम्हा भावंडांचा ब्रिक गेम, वरून पडणारे विटांचे तुकडे रचायचा, वर ‘९९९९ इन १’ असं छापलेला. तिसरा भावाचा गेम बॉय अॅडव्हान्स, जपानी निन्टेंडो कंपनीचा, कॅसेट घालून खेळायचा, मामांनी २००२ साली दुबईहून येताना आणलेला.

ब्रिक गेमचं थोडं सांगते. आमच्याकडच्या गेमचा हायस्कोअर सेल काढले की पुसला जायचा. म्हणून सेल बदलायच्या आधी कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलनं आकडा लिहून ठेवायचा, हा आईनं घालून दिलेला नियम. ते दार अजून आहे. त्यावरचा सगळ्यात मोठा आकडा भावाचा नाही आणि माझाही नाही, आईचा आहे. आम्ही शाळेत गेलो की दुपारी ती खेळायची, हे आम्हाला त्या दारावरूनच कळलं होतं.

आता मुद्द्याचं. मुलगी पाचवीत आहे. मावसभावाकडं नवा हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमयंत्र, बघून आली आणि तेव्हापासून तिचा हट्ट चाललाय. मोबाईल मी तिच्या हातात देत नाही, त्यामुळं ज्यात फक्त गेमच आहेत अशी वस्तू द्यायला माझी हरकत नाही. बजेट दहा हजारांच्या आत. मला दोन गोष्टी विचारायच्यात. जुन्या-नव्यात खरोखर काय कमावलं आणि काय गेलं? ‘आमच्या वेळी’ म्हणून जुनं चांगलं ठरवू नका, हातात घेऊन वापरलेल्यांनीच सांगा. दुसरं म्हणजे ट्रंकेतले हे दोन गेम कोल्हापुरात दुरुस्त होतील का? ब्रिक गेममध्ये सेल गळून हिरवट घाण झालीय आणि उजवीकडचे तीन कॉलम उमटत नाहीत. अॅडव्हान्स चालू होतो, पण एक कॅसेट लावली की आतली बॅटरी संपल्याचा संदेश येतो.

उद्यमनगर_सोल्डर
ताई, ब्रिक गेम टाकू नका. मी उद्यमनगरात सीएनसी मशीनचे कंट्रोल बोर्ड दुरुस्त करतो. त्यापुढं ही वस्तू अगदी सरळ आहे. आत एक बोर्ड, काळ्या डांबरासारख्या थेंबाखाली झाकलेली चिप, काच, रबराची बटणं आणि बझर. एवढंच.

आधी सेलची घाण काढा. इथं बरेचजण सरसकट लिंबू चोळतात, तसं करू नका. सेल कुठला होता ते आधी बघा. साधा स्वस्तातला पेन्सिल सेल जस्त-कार्बनचा असतो, त्यातून गळतं ते आम्लधर्मी. त्याला खायचा सोडा पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं लावा. अल्कलाइन सेल असेल तर गळतं ते पोटॅशियम हायड्रॉक्साइड, त्याला लिंबू किंवा व्हिनेगर. दोन्हीनंतर ओल्या कापसानं पुसा आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवा. स्प्रिंग गंजून तुटली असेल तर जुन्या टॉर्चमधली बसते.

कॉलम न दिसण्याचं कारण काच फुटली असं नसतं. काच बोर्डाला सोल्डर केलेली नसते, मध्ये रबराची बारीक पट्टी दाबून बसवलेली असते. तिच्यात वीज वाहणारे आणि न वाहणारे असे केसाएवढे पातळ थर आलटून पालटून असतात. आम्ही तिला झेब्रा पट्टी म्हणतो. वर्षानुवर्षांत धूळ बसली किंवा स्क्रू ढिले झाले की तेवढेच कॉलम गायब होतात. पट्टी चिमट्यानं काढा, अल्कोहोलनं पुसा, बोर्डावरचे पट्टे आणि काचेची कडाही पुसा, बोट लावू नका. बसवताना स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, एकाच बाजूचे पूर्ण आवळले तर दुसरी बाजू उचलते. काही मॉडेलांत रबराऐवजी चिकटवलेली पारदर्शक रिबन असते, ती मात्र ओढायची नाही. तसं असेल तर माझ्याकडं घेऊन या.

बटणं जड लागत असतील तर रबराखालचा काळा ठिपका झिजलेला असतो. तात्पुरतं काम भागवायला मऊ पेन्सिलीचं शिसं त्यावर घासा.

कॅसेटचं म्हणाल तर घाबरू नका. अॅडव्हान्सच्या पोकेमॉन रुबी-सफायरसारख्या कॅसेटमध्ये ती बॅटरी फक्त आतल्या घड्याळासाठी असते, तुमचा खेळ फ्लॅश मेमरीत राहतो. त्याआधीच्या गोल्ड-सिल्व्हरच्या काळातल्या कॅसेटची गोष्ट वेगळी. त्यात सेव्हच बॅटरीवर जगतो, बॅटरी गेली की सगळं गेलं. नवी घालायची तर पाय जोडलेला सेल मागवा. सेलवर थेट सोल्डरिंग करू नका, तापला तर फुटतो.

कळंबा_ते_हॉस्टेल
मी एकवीस वर्षांचा आहे, इंजिनिअरिंग करतोय. ताईंनी विचारलंय म्हणून नव्याच्या बाजूनं मनापासून लिहितो, कारण इथं सगळे जुन्याच्या प्रेमात पडणार हे दिसायला लागलंय.

ब्रिक गेम मीही खेळलोय, आत्याकडं. त्यात ९९९९ गेम नव्हते. वीटा, गाडी, रणगाडे, साप, बेडूक असे डझन-दीड डझन खेळ, बाकी आकडा वेग आणि लेव्हल बदलून फुगवलेला. चौकट १० बाय २० ची, म्हणजे २०० ठिपके. त्या २०० ठिपक्यांत जेवढं सांगता येतं तेवढंच तो सांगतो. मी आता ज्यावर खेळतो तो स्टीम डेक. पडदा १२८० बाय ८००, आत अख्खा कॉम्प्युटर. पण ठिपके मोजणं हा माझा मुद्दाच नाही. माझा मुद्दा असा की त्यात गोष्टी मावतात. स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम २०१६ मध्ये आला आणि तो एका माणसानं एकट्यानं बनवला, चित्रं, संगीत, कोड, सगळं. आमचं कागलजवळ उसाचं रान आहे. आजोबांना मी तो खेळून दाखवला, तर पाणी कधी द्यायचं आणि पावसाच्या दिवशी का द्यायचं नाही हे त्यांनी मला सांगायला सुरुवात केली. तासभर बसले होते शेजारी. ब्रिक गेमवर हे झालं नसतं.

दुसरी गोष्ट म्हणजे मध्येच थांबता येणं. बटण दाबलं की गेम आहे तिथं झोपतो, चार तासांनी उठवला की त्याच उडीत पुढं. जुन्या कितीतरी गेमना सेव्हच नव्हता. आईनं हाक मारली की गेलं सगळं. जुने गेम अवघड होते असं कौतुकानं सांगतात, पण त्यातला बराचसा अवघडपणा पुन्हा पहिल्यापासून खेळायला लावण्यातून यायचा.

सीबीएस_स्टँडजवळ
मी पन्नाशी ओलांडलेला माणूस, माझी गाडी ब्रिक गेमच्याही मागून सुटते. १९८५-८६ च्या सुमारास काकांनी मस्कतहून निन्टेंडोचा गेम अँड वॉच आणला. दोन पडद्यांचा, पुस्तकासारखा मिटणारा, डाँकी काँगचा. आमच्या गल्लीतली पोरं रांग लावून यायची. आजोबा त्यात फक्त वेळ बघायचे, कारण घड्याळ चोख होतं.

त्या पडद्यात ठिपकेसुद्धा नव्हते. माकड, माणूस, पिंपं, प्रत्येकाची प्रत्येक जागेवरची आकृती काचेत आधीच कोरल्यासारखी बसवलेली असायची. कॅल्क्युलेटरमधला ८ असतो ना, ज्याच्या काड्या पेटवून कुठलाही आकडा होतो, अगदी तसंच. उन्हात तिरकं धरलं की न पेटलेली सगळी माणसं एकाच वेळी पुसट दिसायची. पुढं काय काय होऊ शकतं ते सगळं आधीच समोर मांडलेलं. मी खेळण्यापेक्षा ते बघत जास्त बसायचो.

हे यंत्र बनवणारे गुन्पेई योकोई. आगगाडीत एक माणूस कंटाळून कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसला होता, त्याला बघून त्यांना ही कल्पना सुचली असं सांगतात. १९८० मध्ये पहिला गेम अँड वॉच आला. त्यांचा एक विचार मला फार पटतो. अगदी नवं महागडं तंत्र वापरायचं नाही, जुनं होऊन स्वस्त झालेलं, सगळे गुण-दोष कळलेलं तंत्र घ्यायचं आणि त्याचा कुणी केला नसेल असा वापर करायचा. मुरलेल्या लोणच्यासारखं मुरलेलं तंत्र. १९८९ चा गेम बॉय त्यातूनच आला. पडदा हिरवट, चार छटांचा, १६० बाय १४४. त्याच वर्षी अटारीचा लिंक्स रंगीत पडदा घेऊन आला, पुढच्या वर्षी सेगाचा गेम गिअर आला, तोही रंगीत आणि आतून उजळलेला. पण गेम गिअरला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेम बॉय चार सेलवर पंधरा-एक तास चालायचा. कोण टिकला ते सगळ्यांना माहीत आहे.

आणि त्या मिटणाऱ्या डाँकी काँगवर डाव्या अंगठ्याखाली अधिकच्या खुणेसारखं एक बटण होतं, १९८२ चं. आज या कॉलेजच्या मित्राच्या स्टीम डेकवरही ते आहे. मधे ४० वर्षं गेली, अंगठ्याची जागा तीच राहिली.

चष्मा_मायनस_नऊ
मला जुन्याच्या प्रेमाबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट कुणीतरी स्पष्ट लिहायला हवी. ते पडदे माझ्यासारख्यांना दिसायचे नाहीत.

माझा चष्मा लहानपणापासून जाड. अॅडव्हान्स २००१ मध्ये आला तेव्हा त्याला आतून उजेडच नव्हता. खिडकीत बसा, पाठ विशिष्ट कोनात वळवा, मान वाकडी करा, तेव्हा कुठं दिसणार. भारनियमनाच्या दिवसांत सगळी पोरं इमर्जन्सी दिव्याभोवती हँडहेल्ड घेऊन बसायची, तिथंही मला शेजारच्याचा खांदा आडवा यायचा. २००३ मध्ये अॅडव्हान्सचाच पुढचा एसपी आला, त्याला समोरून उजेड होता आणि चार्ज होणारी बॅटरी होती. माझ्या भाच्याचा मी पहिल्यांदा हातात घेतला आणि रात्री पांघरुणात खेळलो. तो आनंद मी विसरणार नाही.

गंमत अशी की पडदा अंधारा म्हणून त्या काळच्या गेममध्ये रंग मुद्दाम भडक भरायचे. तेच गेम आजच्या उजळ पडद्यावर लावले की हळदी-कुंकू सांडल्यासारखे दिसतात. म्हणून आता अशा यंत्रांत रंग उतरवून दाखवायची सोय देतात. ताई, मुलीला चष्मा असेल तर उजेड असलेला पडदाच घ्या आणि विकत घ्यायच्या आधी गेममधली अक्षरं केवढी दिसतात ते बघा. मोठ्या टीव्हीसाठी केलेले काही नवे गेम लहान पडद्यावर मुंगीएवढी अक्षरं दाखवतात. म्हणजे नव्यातही हा त्रास संपलेला नाही.

पाचवी_ब
मी शिक्षिका आहे. आमच्या वर्गातल्या मुलांकडं बघून लिहिते.

रंकाळ्याकाठची, मोबाईल न देता गेमयंत्र द्यायचा तुमचा विचार मला पटला. पण नवं आणि जुनं असं वाटण्यापेक्षा मी दुसरीकडं रेघ मारेन. गेम कधीतरी संपतो का, हे बघा. ब्रिक गेममध्ये वीटा वरपर्यंत पोचल्या की डाव संपला, पाच मिनिटांत. मूल हरतं, चिडतं, यंत्र बाजूला ठेवतं. मोबाईलवरच्या फुकट गेममध्ये रोज आलात तर बक्षीस, उद्या नाही आलात तर नुकसान. तिथं मूल उठू शकत नाही, कारण उठणं हीच हार ठेवलेली असते. नव्या हँडहेल्डवर पैसे देऊन एकदा घेतलेले कितीतरी गेम जुन्यासारखेच संपणारे आहेत. ते निवडून द्या. स्विच या निन्टेंडोच्या हँडहेल्डसाठी पालकांचं अॅप आहे, रोजचा वेळ त्यात ठरवता येतो. पण अॅपवर विसंबू नका, वेळ घरात एकत्र बसून ठरवा.

आणि वजन बघा हो. स्टीम डेकचं पहिलं मॉडेल ६६९ ग्रॅमचं आहे. दहा वर्षांच्या मुलीचं मनगट किती टिकेल? स्विच लाइट पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो आणि तुमच्या ट्रंकेतला अॅडव्हान्स सेल न घालता साधारण १४० ग्रॅम. लहान हाताला हा फरक आकड्यांपेक्षा मोठा लागतो.

शाहूपुरी_पूररेषा
आमचं घर शाहूपुरीत. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावर चार दिवस पाणी होतं. तेव्हा माझ्याकडं नवं-जुनं दोन्ही होतं, म्हणून लिहितोय. ही तुलना मी करायला गेलो नव्हतो, पाण्यानं करून दिली.

पाणी उतरल्यावर चिखलातून एक डबा निघाला. त्यात जुना गेम बॉय आणि सात कॅसेट. नशिबानं सेल काढून ठेवलेले होते. सगळं उघडलं, नळाच्या पाण्यानं गाळ धुतला, मग अल्कोहोलनं, मग पंख्याखाली आठवडाभर. तांदळात ठेवा म्हणून सगळे सांगत होते, पण तांदळानं गाळ आणि क्षार निघत नाहीत, ते धुवावेच लागतात. सातपैकी सहा कॅसेट चालल्या. कॅसेटमधला गेम कारखान्यातच चिपमध्ये कायमचा घातलेला असतो, पाणी त्याला पुसू शकत नाही. गेम बॉयच्या स्पीकरचा आवाज गेला तो गेलाच, बाकी तो आजही सुरू होतो.

नवं हँडहेल्ड मी उघडलंसुद्धा नाही. आतली लिथियम बॅटरी फुगलेली बाहेरूनच दिसत होती. फुगलेल्या लिथियमला टोचायचं नाही, दाबायचं नाही, चार्ज करून बघायचं नाही. ते मी ई-कचरा घेणाऱ्यांकडं दिलं.

इथवर वाचून जुनं जिंकलं असं वाटेल. पण पुढचं ऐका. नव्यावरचे माझे सगळे गेम खात्यावर विकत घेतलेले होते. दीड वर्षानं तसंच यंत्र पुन्हा घेतलं, खातं उघडलं आणि सगळे गेम परत उतरवून घेतले. सेव्हसुद्धा क्लाउडवर होते. म्हणजे डब्यातला गेम बॉय वाचला, पण त्याच्या कॅसेटमधले माझे लहानपणचे सेव्ह गेले, कारण ते बॅटरीवर होते. नव्याचं यंत्र गेलं आणि सेव्ह वाचले. त्या दिवसापासून मला कुणी ‘कुठलं टिकतं’ असं विचारलं की मी आधी विचारतो, यंत्र टिकायला हवंय की खेळ?

रंकाळ्याकाठची
शाहूपुरी, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही विचारलंत त्याला माझ्याकडं उत्तर आहे, ते आत्ता लिहिताना सापडतंय. मला असं काहीतरी हवंय जे ट्रंकेत २० वर्षं पडून राहिलं तरी कुणीतरी उघडून खेळू शकेल. आईचा आकडा दारावर राहिला तो खात्यामुळं नाही, पेन्सिलीमुळं. पण गेम विकणारं ऑनलाइन दुकान चालू आहे तोवर खातं उघडतं. दुकान बंद झाल्यावर काय?

कळंबा_ते_हॉस्टेल
ताई, हा प्रश्न खरा आहे आणि त्यावर मी नव्याची बाजू घेणार नाही. निन्टेंडोनं ३डीएस या जुन्या हँडहेल्डचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद केलं. आधी घेतलेले गेम त्यानंतरही उतरवता येतात, पण नवीन विकत घ्यायचा दरवाजा बंद. जे फक्त तिथंच मिळायचे असे छोटे गेम आता कायदेशीर मार्गानं घेताच येत नाहीत. आणि जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ च्या काही गेमच्या कार्डात गेमच नसतो, फक्त किल्ली असते. कार्ड घातलं की गेम इंटरनेटवरून उतरवायचा. कार्ड हातात आहे, पण ट्रंकेत ठेवून उपयोग नाही.

तरी एक सांगतो. जुनं मागं घेऊन चालण्याची रीतही त्याच कंपनीची आहे. तुमच्या अॅडव्हान्समध्ये १९८९ च्या गेम बॉयच्या कॅसेट चालतात. २००४ च्या डीएसमध्ये अॅडव्हान्सच्या चालतात. स्विच २ वर जुन्या स्विचचे बहुतेक गेम चालतात. साखळी मधे मधे तुटते, पण दर वेळी तुटतेच असं नाही.

महालक्ष्मी_एस_पाच
बॅटरीवरून एक प्रवाशाचं मत. कोल्हापूर-मुंबई महिन्यातून दोनदा करतो. २०१७ चा पहिला स्विच गेमनुसार अडीच ते साडेसहा तास चालतो, २०१९ नंतरचा सुधारलेला साडेचार ते नऊ. रात्रीच्या गाडीला पुरतं, शिवाय पॉवर बँक आहेच. अॅडव्हान्स दोन पेन्सिल सेलवर पंधरा तास जायचा आणि संपले तर मिरज स्टेशनच्या स्टॉलवर सेल मिळायचे. आज पाच वर्षांनी बॅटरी मेली तर? कुठल्याही स्टॉलवर मिळत नाही, आतून चिकटवलेली असते. यंत्र घेताना मी आता पहिलं हेच बघतो.

उद्यमनगर_सोल्डर
बॅटरीवर महालक्ष्मीकरांना शंभर टक्के अनुमोदन. म्हणूनच ताईंच्या बजेटमध्ये एक तिसरा रस्ता सांगतो. जुने गेम चालवणारी नवी छोटी यंत्रं आता मिळतात, मियू मिनी प्लस किंवा अॅनबर्निकचं आरजी३५एक्सएक्स. पडदा साडेतीन इंची, ६४० बाय ४८०, उजेड भरपूर. आकडा बघा, गेम बॉयचे १६० बाय १४४ तिप्पट केले की ४८० बाय ४३२ होतात, म्हणजे एका जुन्या ठिपक्याचे बरोबर नऊ नवे ठिपके, चित्र कुठंही फाटत नाही. अॅडव्हान्सचे २४० बाय १६० दुप्पट करून बसतात. मियूची बॅटरी निघते, त्याला मी गुण देतो. चायना बझारात मिळणारा ‘४०० इन १’ घेऊ नका, बटणं दोन महिन्यांत बसतात. त्याची एकच गोष्ट चांगली, त्यातल्या बऱ्याच मॉडेलांत नोकियाची बीएल-५सी बॅटरी चालते आणि ती लक्ष्मीपुरीत कुठल्याही दुकानात मिळते.

पाचवी_ब
एक शंका. त्या छोट्या यंत्रांबरोबर हजारो गेम भरलेलं कार्ड येतं ना? ते गेम कुणाच्या परवानगीनं भरलेले असतात? मुलीला आपण पहिली वस्तू देतोय, ती अशी नको.

उद्यमनगर_सोल्डर
बाई, बरोबर बोललात. कुणाच्याच परवानगीनं नाही. ते कार्ड काढून ठेवा, तसंही हलक्या प्रतीचं असतं. आपल्याकडच्या कॅसेटमधला गेम कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचं छोटं यंत्र मिळतं, माझ्याकडं आहे. ताईंच्या कॅसेट आणि त्यातले सेव्हसुद्धा मी काढून देतो. शिवाय आजही काही हौशी मंडळी गेम बॉयसाठी नवे गेम लिहितात, त्यातले बरेच लेखकांनी स्वतःच फुकट दिलेत.

चष्मा_मायनस_नऊ
हजारो गेमच्या कार्डाबद्दल मलाही एक जोडायचंय. भाच्याला दिलं होतं. त्यानं तासाभरात साठ गेम उघडले आणि एकही खेळला नाही. दोन कॅसेट असताना आम्ही वर्षभर त्याच घासायचो. सोल्डर, कार्डावर दहाच गेम ठेवून द्या.

रंकाळ्याकाठची
मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, सविस्तर लिहिते.

रविवारी उद्यमनगरला गेलो, मुलगीही बरोबर होती. सोल्डरदादांनी ब्रिक गेम तिच्यासमोर उघडला आणि झेब्रा पट्टी तिच्याच हातातल्या चिमट्यानं काढायला लावली. आमचे सेल साधे होते, म्हणून खायचा सोडा. एक स्प्रिंग गेली होती, ती टॉर्चमधली बसवली. पहिल्यांदा जोडल्यावर दोन कॉलम आले, तिसरा नाही. परत उघडून काचेची कडा पुसली, मग तिसराही आला. ती पीप-पीप वाजली तेव्हा मी शेजारच्या स्टुलावर बसून घेतलं. एवढ्या वर्षांनी तोच सूर.

पैशाचा विषय काढला तर त्यांनी चहाच मागवला.

खरेदीचं असं ठरलंय. नवा मोठा हँडहेल्ड आत्ता नाही, तो आठवीनंतर, आणि तेव्हा कळंब्याच्या दादाला विचारून. आत्ता मियू घेतला, त्यात आमच्याच तीन कॅसेटमधले गेम आणि दोन नवे हौशी गेम. भावाच्या कॅसेटमधला सेव्ह निघाला. सोळा वर्षांचा असताना त्यानं जिथं सोडला होता तिथंच तो उभा होता, एका गुहेच्या तोंडाशी. भावाला पुण्याला फोटो पाठवला. त्यानं फोन करून मुलीला ती गुहा कशी पार करायची ते पाऊण तास समजावलं.

पण खरं सांगायचं तर पहिल्या आठवड्यात ती मियूपेक्षा ब्रिक गेमच जास्त खेळली. मी कारण विचारलं तर म्हणाली, “आज्जीचा आकडा मोडायचाय, मी निम्म्यापर्यंत गेलो बघ.” आई हल्ली आमच्याकडंच असते. तिच्या बोटांत संधिवात आहे, बटणं दाबली जात नाहीत. ती शेजारी बसून सांगते, लांब काठी येईपर्यंत डावीकडची फट बुजवू नकोस. कपाटाचं दार मी माहेरून काढून आणलंय, सुताराला सांगून इथल्या कपाटाला बसवून घेणार आहे.

शाहूपुरी_पूररेषा
दार वरच्या मजल्यावर बसवा ताई. आणि आकड्यांचा फोटो काढून ठेवा, क्लाउडवर.

रंकाळ्याकाठची
काढला. दोन्हीकडं आहे आता.

पन्हाळा_धुकं
उशिरा वाचला धागा. माझ्याकडच्या ब्रिक गेमचा पूर्ण पडदाच काळपट झालाय, मधे तेलाचा डाग पडावा तसा. झेब्रा पट्टी पुसून बघितली, फरक नाही.

उद्यमनगर_सोल्डर
तो पट्टीचा दोष नाही, काचेवरच्या पोलरायझर फिल्मचा आहे. उष्णतेनं आणि दमटपणानं ती सडते. नाकाजवळ धरा, कधी कधी आंबूस वास येतो. वरची फिल्म ब्लेडनं एका कोपऱ्यातून हळू सोलायची, डिंक अल्कोहोलनं काढायचा आणि नवी फिल्म कापून लावायची. लावायच्या आधी गेम चालू करून फिल्म नुसती वर धरा आणि फिरवून बघा. ९० अंशांत चुकली तर काळ्यावर पांढरं दिसेल. काहींना तसंच आवडतं. रविवारी दहानंतर दुकानात असतो, फिल्म माझ्याकडं आहे, येताना दोन सेल घेऊन या.